थंड इंजिनाचा आवाज: कसा येतो ते नंतर, कधी येतो ते आधी

परभणी, हिंगोली, नांदेडकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. त्या दिवसांत गॅरेजवाल्यांकडं एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. "उस्ताद, सकाळी सेल मारला की लई खडखड करतीय, मग आपोआप बंद होतंय." उस्ताद बोनेट उघडतात, कान देतात आणि म्हणतात, "कुठंय आवाज? इंजिन तर मस्त चालायलंय." दोघंही खरंच बोलत असतात. घरापासून गॅरेजपर्यंत पाच-सात किलोमीटर आलेलं इंजिन तापलेलं असतं आणि ज्या आवाजासाठी गाडी आणली तो आवाज वाटेतच विरून गेलेला असतो. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून बघू, ऑइल बदलून बघू, तेवढ्यानं नाही गेलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलून बघू. पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडखड जिथल्या तिथं.

थंड इंजिनाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. आवाज खडखड आहे की खळखळ, टिकटिक आहे की ठकठक, याचं वर्णन करण्यात लोक फार वेळ घालवतात. प्रत्येकाचा कान वेगळा, प्रत्येकाचा शब्द वेगळा. त्यापेक्षा घड्याळ जास्त कामाचं. सेल मारल्यापासून कितव्या सेकंदाला आवाज आला, किती वेळ टिकला, गाडी तापल्यावर गेला, तसाच राहिला की वाढला, एवढं नीट सांगता आलं तरी निम्म्याहून जास्त शक्यता जागेवरच बाद होतात.

रात्रभर उभ्या इंजिनात काय होतं

गाडी बंद झाली की वरच्या भागातलं ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर, रॉकरवर, बेअरिंगच्या फटींत पातळसा थर तेवढा चिकटून राहतो. पहाटेच्या गारठ्यात चेंबरमधलं ऑइल जानेवारीतल्या काकवीसारखं जड झालेलं असतं. आपल्याकडं जुन्या डिझेल गाड्यांत सर्रास घालतात ते 15डब्ल्यू-40 ऑइल घ्या. 100 अंशांना ते जितकं पातळ असतं, त्याच्या सात-आठ पट घट्ट ते 40 अंशांनाच असतं, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारच्या हवेएवढ्या तापमानाला. दहा अंशांवर ते त्याहूनही कितीतरी घट्ट. सेल मारल्यावर पंप हे ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मग ते वर पोचतं. चांगल्या इंजिनात याला एक-दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ धातू जवळजवळ कोरड्या धातूवर फिरत असतो.

दुसरी गोष्ट फटींची. इंजिनातले सगळे भाग गरम असताना एकमेकांत नीट बसतील अशा मापानं बनवलेले असतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वरखाली होतो ते लायनर बहुधा बिडाचं. तापमान जेवढं वाढेल तेवढं ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. उलट बाजूनं बघितलं तर थंडीत पिस्टन लायनरपेक्षा जास्त आकसलेला असतो, म्हणजे दोघांतली फट सकाळी सगळ्यांत मोठी असते. नव्या इंजिनात ही फट केसाएवढीही नसते, आवाज येत नाही. दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत झीज आणि थंडीतली फट यांची बेरीज होते आणि ती ऐकू येते.

म्हणून जुन्या गाडीनं सकाळी थोडा आवाज करणं हा रोग असतोच असं नाही. त्यातच इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्या थंडीत मुद्दाम जास्त आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांवर, चालतात. सुरुवातीला काटा 1200-1500 ला असतो आणि मग हळूहळू आठशेपर्यंत येतो. पूर्वी कार्बोरेटरच्या गाडीला चोक ओढायचो, तेच काम आता कंप्युटर करतो. जास्त आरपीएम म्हणजे जास्त आवाज, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकायची तयारी

आदल्या रात्री गाडी सपाट जागी लावा. सकाळी किल्लीला हात लावण्याआधी ऑइलची काडी ओढून पुसा, पुन्हा घालून बघा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रात्रभरात सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं आणि पातळी खरी दिसते. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पुढचं निदान करायची गरजच नाही, आधी ऑइल घाला. पातळी विनाकारण वाढलेली दिसली आणि काडीला डिझेल किंवा पेट्रोलचा वास आला, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. काडीवर किंवा झाकणाखाली दुधाळ फेस असेल तर पाणी मिसळतंय का ते बघावं लागेल. नुसता झाकणाला आतून थोडा फेस आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर तो बऱ्याचदा साठलेल्या दमटपणाचा असतो.

मग बोनेटवर दोन थापा मारा. गंमत नाही, थंडीत मांजरं इंजिनावर येऊन झोपतात.

घरातल्या कुणाला तरी सेल मारायला बसवा आणि तुम्ही बोनेट उघडून समोर उभे राहा. हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. मोबाईलच्या माइकला खोल ठोके नीट पकडता येत नाहीत, पण वेळ मात्र अचूक नोंदली जाते, आणि उस्तादांना दाखवायला तेच लागतं. गळ्यातला मफलर किंवा उपरणं काढून बाजूला ठेवा, साडीचा पदर, ओढणी लांब. फॅन बेल्टला कपडा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. इलेक्ट्रिक फॅन तर कधीही अचानक सुरू होतो.

आवाज कुठून येतो हे शोधायला गॅरेजवाले लांब पेचकस वापरतात. टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा दचकाल, इतकं स्पष्ट ऐकू येतं. बॅटरी भरणाऱ्या डायनामोच्या बॉडीवर टेकवला तर बेअरिंगची घरघर, हेडच्या कव्हरवर टेकवला तर टॅपेटची टिकटिक, खाली चेंबरच्या कडेला टेकवला तर क्रँककडचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याकडचे, ठोके. जिथं सगळ्यांत मोठा तिथं मूळ, असं मात्र लगेच ठरवू नका. लोखंडातून आवाज लांबवर जातो. चार-पाच ठिकाणी टेकवून तुलना करायची.

पहिला सेकंद आणि पुढचे पाच

सेल मारतानाच किर्रर्र झालं आणि इंजिन चालू होताच थांबलं, तर ते इंजिन नाहीच. सेल्फचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा, दात फ्लायव्हीलवर नीट बसत नाही किंवा वेळेवर मागे येत नाही. सेल्फ खोलून साफ करणं, तो दात पुढं-मागं सरकवणारा बेंडिक्स बदलणं, इथपर्यंतचं काम.

खरी गोष्ट सुरू होते त्याच्या पुढच्या दोन-तीन सेकंदांत. इंजिन पेटलं, खर्रर्र असा कोरडा खडखडाट आला, आणि कुणी बटण दाबल्यासारखा एकदम थांबला. याचा अर्थ ऑइल पोचायला उशीर होतोय. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा बघा. तो विझतो त्याच क्षणी आवाज थांबत असेल तर शंकाच उरली नाही.

इथं बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तो इंजिनातला सगळ्यांत स्वस्त भाग, ऑइल फिल्टर. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे चेंबरमध्ये उतरू नये म्हणून त्याच्या तोंडाशी आतून एक रबरी चकती असते. ती मऊ आणि लवचिक असेल तर फिल्टर रात्रभर भरलेला राहतो आणि सकाळी पंपानं ढकललेलं ऑइल थेट पुढं जातं. चकती कडक झाली, तिची कड वाकली, की फिल्टर रात्रीत रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, तोवर वरचं सगळं कोरडं. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या इंजिनांत हा त्रास जास्त. तोंड वर करून सरळ लटकणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल तसंही टिकून राहतं.

तपासायला सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीचा आडवा फिल्टर सकाळी सेल न मारता खोला. आतून भरपूर ऑइल सांडलं तर चकती ठीक. जवळजवळ रिकामा निघाला तर दुसरं काही खोलायच्या आधी चांगला फिल्टर घाला. हातात घेतल्यावर भोकांतून आतलं रबर दिसतं, ते बोटाच्या टोकानं दाबून बघा. साधं काळं रबर उष्णतेनं लवकर कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. पन्नास-शंभर रुपये वाचवायला घेतलेला डुप्लिकेट फिल्टर सकाळच्या खडखडीला कारण होतो आणि रोजच्या रोज बेअरिंग घासतो, हे मला अजिबात परवडणारं वाटत नाही.

नव्या फिल्टरनंही फरक पडला नाही तर पुढचा संशय टायमिंगच्या साखळीवर. साखळी असलेल्या बऱ्याच इंजिनांत ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल, जे आपल्याकडं कितीतरी गाड्यांत आहे, ते साखळीवालंच. दाब येईपर्यंत साखळी सैल आणि कव्हरच्या आत खळखळते. एखादा सेकंद खळखळून शांत होणं जुन्या गाडीत चालून जाईल. चार-पाच सेकंद होत असेल, महिन्या-महिन्याला वाढत असेल, किंवा तापल्यावरही रेस सोडताना ऐकू येत असेल, तर टाळू नका. साखळी दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेडचं काम ठरलेलं. टायमिंग बेल्टवाल्या गाडीत ही खळखळ नसते. तिथं उलटं दुखणं आहे, बेल्ट बहुधा काही न बोलता तुटतो. त्यामुळं बेल्ट किलोमीटर आणि वर्षं बघूनच बदलायचा, आवाजाची वाट बघायची नाही.

आणि दिवा पाच सेकंदांनंतरही विझला नाही तर इंजिन बंद करा. कारण सापडेपर्यंत पुन्हा सेल मारू नका.

चीं-चीं आणि घरघर

हे पटकन उरकू, कारण इथं इंजिन खोलावं लागत नाही. सेल मारल्यावर बॅटरी उतरलेली असते, डायनामो ती भरायला लागतो, त्याच्यावर लोड येतो आणि दवानं ओला, कडक झालेला बेल्ट पुलीवर घसरतो. म्हणून चीं. मिनिटाभरात जातो. खात्री करायची तर चालत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाही किंवा बेल्ट गुळगुळीत झालाय. पाण्यानं उलट वाढला तर बेल्ट सैल आहे.

घरघर असेल तर बेअरिंग. बेल्ट काढून इंजिन पंधरा-वीस सेकंद चालवा. आवाज गेला तर तो डायनामो, वॉटर पंप किंवा पुलीपैकी कुणाचा तरी आहे, हातानं फिरवून कळेल. बऱ्याच गाड्यांत बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, म्हणून यापेक्षा जास्त वेळ चालवू नका. वॉटर पंपाबद्दल एक बोलायलाच हवं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं. ते रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलं की पाण्याच्या वाटेत थर धरतात, गंज होतो आणि पंपाचं सील, बेअरिंग आधी जातं. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा.

आणखी एक फुकटची चाचणी: न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. आवाज बदलला तर इंजिन सोडून गिअरबॉक्स किंवा क्लचच्या बेअरिंगकडं बघा.

टिकटिक, जी सगळे टॅपेटवर ढकलतात

थंडीत वरच्या बाजूनं भरभर टिकटिक आली की टॅपेट सेट करायचा सल्ला ठरलेला. कधी बरोबर असतो, बऱ्याचदा नसतो.

जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवतात. छोट्या पेट्रोल इंजिनांत ती साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फिलर गेजची पट्टी फटीत सरकवली की ती थोडीशी अडत, बोटांना घासल्यासारखी लागत यायला हवी. सहज सरकली तर फट जास्त, जोर लावावा लागला तर कमी. फट वाढली की टिकटिक होते. पण ही टिकटिक गाडी तापल्यावर पूर्ण जात नाही, दबते फक्त. त्यामुळं दहा मिनिटांनी इंजिन एकदम गप्प होत असेल तर टॅपेटवरचा संशय कमी करा. आणि आवाज घालवायच्या नादात टॅपेट कधीही घट्ट करून घेऊ नका. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याच्या कडेनं जळता वायू निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडं बोलणारं टॅपेट गप्प टॅपेटपेक्षा बरं, असं जुने उस्ताद उगाच म्हणत नाहीत.

हायड्रॉलिक लिफ्टरवाल्या इंजिनांत सेटिंगचा प्रश्नच नसतो, लिफ्टर ऑइलनं भरून स्वतःच फट मिटवतो. रात्रीत त्यातलं ऑइल गळतं, सकाळी काही सेकंद ते मिनिटभर टिकटिक होते आणि भरल्यावर थांबते. ऑइल जुनं, घाण असेल तर वेळ वाढतो. अशा गाडीत पहिला उपाय योग्य ग्रेडचं ताजं ऑइल. पाचशे-हजार किलोमीटर चालवल्यावर फरक कळतो.

आणि मग ती तिसरी शक्यता, जी सगळ्यांत जास्त हुकते. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड हेडला जिथं बसतो तिथलं पॅकिंग जळलेलं किंवा एखादा स्टड तुटलेला. थंडीत त्या फटीतून प्रत्येक स्ट्रोकला धूर फट्-फट् निसटतो, आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट आपोआप मिटते, आवाज गायब. मालक खूश, उस्ताद गोंधळात. ओळखायचं कसं? इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीच्या काळ्या रेघा शोधा. नंतर इंजिन थंड असतानाच सुरू करून कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगा. मागची वाट अडली की पुढच्या फटीतला आवाज मोठा होतो. टॅपेटवर याचा काही परिणाम होत नाही. ही चाचणी उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये नको.

पेट्रोल इंजेक्टरही बारीक टिकटिक करतात, तीही कायम. ती सोडून द्या.

ठक-ठक, जी पाच-दहा मिनिटांत जाते

ब्लॉकच्या कडेनं, थोडी खालून, पोकळ अशी ठकठक. गाडी लोडवर घेतली, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चढाला लावली, की वाढते. तापमानाचा काटा मधे यायला लागला की विरते. हा बहुधा पिस्टन. आकसलेला पिस्टन प्रत्येक धमाक्याला लायनरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. तापून फुगला की जागा उरत नाही.

खात्री करायला एकेक सिलिंडर बंद करून बघतात. ज्याचं काम थांबवल्यावर ठकठक एकदम कमी होते, तो सिलिंडर. टॅपेटची टिकटिक असं करून बदलत नाही, त्यामुळं दोन्हींतला फरकही इथंच कळतो. पण पद्धत सांभाळून. पेट्रोल गाडीत चालू इंजिनाची प्लग वायर हातानं ओढली तर जबर झटका बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. इंजेक्टरचं कनेक्टर काढणं जास्त सुरक्षित. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये उस्ताद डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करतात. ते त्यांनाच करू द्या. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक पाइपातून सगळ्या नोझलना भारी दाबानं डिझेल देणाऱ्या इंजिनांत, चालू इंजिनावर कुठल्याही पाइपच्या नटाला पाना लावायचा नाही, उस्तादांनीही नाही. तिथं दाब हजार बारच्या वर जातो. डिझेलची सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते, वर दिसायला नुसता टिपका असतो आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

पिस्टनचाच आवाज निघाला तर लगेच इंजिन काम काढायचं का? माझं उत्तर, बहुतेक वेळा नाही. गाडी तापल्यावर इंजिनाच्या तोंडचं ऑइलचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभक धूर येत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, आणि ऑइल हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर कमी होत असेल, तर रिंग-पिस्टन-बोअर सगळंच संपलंय, काम तसंही जवळ आलंय. यातलं काहीच नसेल तर नुसत्या सकाळच्या पाच मिनिटांच्या ठकठकीवर हजारो रुपये घालायची गरज नाही. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर रेस कमी ठेवायची एवढंच.

डिझेलचं निराळं

डिझेलला प्लगची ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल पेटवते. थंड सकाळी सिलिंडरच्या भिंती गार, त्या उष्णता शोषून घेतात, हवा पुरेशी तापायला उशीर. तोवर नोझल डिझेल सोडतच असतं, ते साठतं आणि मग एकदम भडकतं. तो टणटणीत ठोका म्हणजे हेच. सगळ्या सिलिंडरमधून सारखा येत असेल आणि दोन-तीन मिनिटांत मऊ होत असेल तर ते डिझेलचं स्वाभाविक बोलणं.

एकाच सिलिंडरची लय चुकतेय, गाडी हलतेय, मागून डोळे झोंबवणारा पांढरा धूर, आणि तापल्यावर सगळं सुरळीत. तर हीटर प्लगकडं, म्हणजे थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगकडं, जा. चारपैकी एक जळला की तो सिलिंडर तापेपर्यंत मिसिंग मारतो, म्हणजे नीट पेटत नाही, आणि डिझेल न जळता बाहेर पडतं. तपासायला मीटरही लागत नाही. प्लगवरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. लॅम्प लागला तर कॉइल शाबूत, न लागला तर तो प्लग गेला. पांढऱ्या धुराला डिझेलचा वास नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर मात्र ती वाफ आहे, हेड पॅकिंग तपासा.

सकाळी भरपूर सेल मारावा लागतो, हँड पंप मारल्यावरच चालू होते, चालू झाल्यावर अडखळते? मग लाइनीत हवा शिरतेय. जुने रबरी पाइप, फिल्टरचं वॉशर, असं दहा-वीस रुपयांचं काहीतरी निघतं.

जो आवाज तापल्यावर वाढतो

आत्तापर्यंतचे जवळजवळ सगळे आवाज उष्णतेनं कमी होणारे. एक आवाज उलटा वागतो आणि तोच घातक. थंड असताना घट्ट ऑइल बेअरिंगची झिजलेली फट भरून काढतं, म्हणून खोल ठोका दबलेला असतो. फार तर सेल मारल्यावर पहिल्या दोन सेकंदांत दोन-चार जड ठोके. ऑइल तापून पातळ झालं की ठोका वर येतो. दोन-अडीच हजार आरपीएमवर रेस सोडताना तो सगळ्यांत स्पष्ट. हे कनेक्टिंगचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं, बेअरिंग.

इथं इंजिन उघडायच्या आधी ऑइल स्विच काढून त्या जागी साधा प्रेशर गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण तापल्यावर दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय, हा ढोबळ नियम. त्याच्या बराच खाली असेल तर आधी ऑइल चेंबर उतरवा, पंपाची जाळी गाळानं भरलीय का बघा, मग बेअरिंगच्या टोप्या खोला. ठोका स्पष्ट झाल्यावर "हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत" म्हणू नका. वेळेत थांबलं तर बेअरिंग आणि क्रँक पॉलिशवर भागतं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर इंजिन भंगारात. टोचन करून न्या.

घट्ट ऑइल घालून हा ठोका दाबायचा धंदा जुनाच आहे. 20डब्ल्यू-50 मध्ये वाईट काही नाही. आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जुन्या, झिजलेल्या इंजिनाला ते सोसतंही, कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर. पण तेच ऑइल जानेवारीच्या पहाटे वर पोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे गरम ठोका लपतो आणि कोरडी सुरुवात लांबते. ऑइलमध्ये ओतायची डब्यातली जाड औषधंही तेच करतात. आणि सेल मारल्या-मारल्या जोरात रेस करून गाडी तापवू नका, तेव्हा ऑइल पोचलेलं नसतं. अर्धा मिनिट थांबा, मग हळू निघा. पाण्याचा काटा मधे आला तरी ऑइल मागेच असतं, त्याला आणखी काही किलोमीटर लागतात.

जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा हे सगळं उलट्या बाजूनं वापरता येतं. विकणारा तुम्ही पोचण्याआधी गाडी गावातून एक चक्कर मारून आणतो, थंड इंजिनाचे सगळे आवाज तेवढ्यात पुसले जातात. पोचल्यावर चहाच्या आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गोड बोलून सांगा की उद्या सकाळी येतो, तोवर सेल मारू नका. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सेल मारू नका, मालकाला मारू द्या. तुमची जागा बोनेटपाशी, आणि बरोबर आणलेल्या माणसाची सायलेन्सरमागे, धुराच्या रंगावर नजर ठेवून.